आधी मार्ग, मग निरोप

मराठीच्या प्राध्यापकाने विज्ञानात नाक खुपसू नये, असे आमच्या सौभाग्यवतींचे ठाम मत आहे. घरातला फ्यूज उडाला की मी मेणबत्ती शोधतो आणि त्या फ्यूज बसवतात, हे लक्षात घेता त्यांच्या मताला वजन आहे. तरीही या वर्षीच्या दिवाळी अंकासाठी मी बिनतारी लहरींवर लिहावयास बसलो आहे. कारण या वर्षी त्या लहरींच्या नादी लागून मी एका वाडीला एक शब्द देऊन बसलो होतो, आणि तो मला भर सभेत परत घ्यावा लागला. त्या फजितीची ही कहाणी. वाचकहो, हसायचे तेथे अवश्य हसा. पण शेवटपर्यंत वाचा.

आमचे कॉलेज तालुक्याच्या गावाबाहेर एका टेकाडावर आहे. गच्चीवर उभे राहिले की सह्याद्रीच्या रांगा एकामागे एक दिसतात. त्यांतल्या शेवटच्या रांगेत सरळ रेषेने ३२ किलोमीटरांवर एक वाडी आहे. नाव मुद्दामच सांगत नाही. तेथे मोबाइलला रेंज नाही. जमिनीखालून तार न्यायची तर मधे दोन दऱ्या. शासनाचे आरोग्य उपकेंद्र आहे, तेथे एक नर्सबाई आहेत; पण डॉक्टरांना काही विचारायचे झाले तर दीड तास उतरून फाट्यावर यावे लागते. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात एका मुलाला रात्री साप चावला. एक माणूस कंदील घेऊन धो धो पावसात फाट्याकडे निघाला. ओढ्याला पाणी, म्हणून निरोप पोचायला पहाट झाली. मुलगा वाचला, पण त्या रात्रीची धास्ती वाडीच्या मनातून गेली नाही.

माझा एक जुना विद्यार्थी बिनतारी यंत्रणेच्या धंद्यात आहे. वर्गात असताना तो ज्ञानेश्वरीच्या तासाला खिडकीबाहेर पाहत बसे. आता त्याला खिडकीबाहेर पाहण्याचेच पैसे मिळतात. तो वाडीचाच भाचा. फेब्रुवारीत एके सकाळी तो मला कॉलेजच्या गच्चीवर घेऊन गेला, हातात दुर्बीण दिली आणि म्हणाला, “सर, त्या झाडांच्या फांद्यांमधून बघा. पांढरं काही दिसतं का?”

दिसले. वाडीच्या देवळाचे शिखर, तांदळाच्या दाण्याएवढे.

“कॉलेजात इंटरनेट आहे. इथून तिथे लहर पाठवता आली तर उपकेंद्रातून थेट डॉक्टरांशी बोलता येईल,” तो म्हणाला. “होईल का, ते तपासायचं आहे.”

“तपासायचं काय त्यात?” मी म्हणालो. “दिसतंय म्हणजे झालंच की!”

माझ्या मूर्खपणाचा आरंभ येथे झाला. पुढच्याच रविवारी आम्ही वाडीत गेलो. देवळात सभा भरली. विद्यार्थी जपून बोलत होता. पण मला व्याख्यानाची सवय. मी उठून सांगितले की, आमच्या गच्चीवरून तुमचे शिखर दिसते, तेव्हा पावसाळ्याच्या आत तुमचा आवाज तालुक्याला पोचणार, हे नक्की समजा. टाळ्या पडल्या. दहा मीटरांचा लोखंडी खांब आणि यंत्रे घेण्यासाठी तेथल्या तेथे वर्गणी सुरू झाली. एका म्हातारीने कनवटीची पन्नासची नोट सोडून दिली. परतताना विद्यार्थी गाडीत गप्प होता. बऱ्याच वेळाने एवढेच म्हणाला, “सर, आकडे अजून मांडले नव्हते हो.”

मग पुढचे तीन आठवडे त्याने मला आकडे शिकवले. पैसे घेऊन शिकवले असते तर मी इतका लक्ष देऊन शिकलो नसतो.

पहिला धडा नकाशाचा. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अमेरिकन अंतराळयानाने अकरा दिवस रडार लावून पृथ्वीच्या बहुतेक जमिनीची उंची मोजली. ती मोजणी आज कोणालाही फुकट मिळते. संगणकावर दोन ठिकाणे दाखवली की त्यांच्यामधल्या डोंगरदऱ्यांचा उभा छेद समोर येतो. आमच्या छेदात वाडीपासून ८ किलोमीटरांवर एक सोंड उभी होती आणि आमची रेषा तिच्या माथ्याला जेमतेम घासून जात होती. “दुरून डोंगर साजरे,” मी म्हणालो. “हो सर,” तो म्हणाला, “पण लहरीला जवळून जावं लागतं.”

छेद काढताना पृथ्वीचा गोलावाही धरावा लागतो. ३२ किलोमीटरांत मधोमध जमीन दोन टोकांच्या रेषेपेक्षा सुमारे २० मीटर वर फुगते. हवा लहरींना थोडी खाली वाकवते, म्हणून हिशेबात ते १५ मीटर धरतात. शाळेत पृथ्वी गोल असल्याची दोन-चार प्रमाणे मी पाठ केली होती. त्यांतले एकही मला असे अडवायला आले नव्हते.

दुसरा धडा ऑग्युस्तँ फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाचा. हा १८२७ साली अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी वारला, पण प्रकाशाच्या लहरी कशा चालतात हे नीट सांगून गेला. माझी समजूत अशी की, लहर दोरीसारखी जाते. दोरी मोकळी असली की झाले. तसे नाही. लहरीला दोरीभोवती जागा लागते. ती जागा दोन्ही टोकांना निमुळती आणि मधे फुगीर, काकडीसारखी असते. आमच्या लहरीची काकडी त्या सोंडेपाशी साडेसतरा मीटर त्रिज्येची होती. निदान तिचा साठ टक्के भाग, म्हणजे साडेदहा मीटर, मोकळा हवा. आमच्यापाशी मोकळे होते शून्य मीटर. डोळ्याला एक फट पुरते, लहरीला पुरत नाही. शिखर दिसले म्हणून मी सभेत जे बोललो ते किती पोकळ होते, ते मला तेव्हा कळले.

तिसरा धडा जमाखर्चाचा, आणि तो मला सगळ्यांत लवकर समजला. कारण महिनाअखेर काय असते हे नोकरदाराला शिकवावे लागत नाही. हे हिशेब डेसिबलमध्ये करतात. एक मिलिवॉट शक्ती म्हणजे शून्य, असे धरायचे. हवेत किती शक्ती सोडायची यावर सरकारी मर्यादा असते. तिच्यात राहून आमच्या यंत्राची कमाई ६. लहर एका दिशेला एकवटणाऱ्या दोन तबकड्या, त्यांची प्रत्येकी ३० ची भर. एकूण जमा ६६. मोकळ्या हवेतून ३२ किलोमीटर जाण्याचा खर्च १३८. म्हणजे ७२ ची तूट! मी डोक्याला हात लावला. पण दुसऱ्या टोकाचे यंत्र ८८ पर्यंतची तूट सोसू शकते. सोडलेल्या शक्तीचा सहा कोटींवा हिस्सा पोचला तरी त्याला पुरेसा असतो. तेव्हा १६ शिल्लक राहिले.

“मग जमतंय की!”

“सर, ही मोकळ्या हवेची किंमत झाली. रेषा कड्याला घासून गेली की ६ जातात. राहिले १०. आणि झाडांचं अजून धरलंच नाही.”

येथे वाचकांपैकी एखादा वडीलधारा विचारील की, पूर्वी रेडिओ सिलोन हजार मैलांवरून घराघरांत लागत असे, मग यांची लहर दहा कोसांत का धापा टाकते? वाडीतल्या आबांनीही मला नेमके हेच विचारले होते. उत्तर असे की, त्या लघुलहरी. त्या वर जातात आणि वातावरणाच्या उंच थरांतल्या विद्युतभारित पट्ट्यावरून परत खाली वळतात. १२ डिसेंबर १९०१ रोजी मार्कोनीने इंग्लंडातल्या पोल्ढूहून निघालेली खूण अटलांटिकपार न्यूफाउंडलंडमध्ये ऐकल्याचे जाहीर केले, तेव्हा लहर पृथ्वीच्या गोलाव्याला वळसा घालून गेली कशी, हे कोणाला सांगता येईना. पुढच्याच वर्षी केनेली आणि हेविसाइड यांनी त्या वरच्या पट्ट्याचा तर्क मांडला. १९२७ मध्ये आपल्या खडकीहून तारा सोडून आणि दौंडला झेलून विलायतेशी बिनतारी तारायंत्र सुरू झाले, तेही लघुलहरींच्याच जोरावर. पण त्या वाटेने फार थोडा मजकूर जातो आणि वाट दिवसरात्र, ऋतू पाहून बदलते. आम्हाला डॉक्टरांना जखम दाखवायची होती. त्यासाठी जी लहर लागते ती प्रकाशासारखी सरळ जाते. डोंगर आला की संपली.

मी फारच खट्टू झालो, तेव्हा विद्यार्थ्याने मला व्हेनेझुएलाची गोष्ट सांगितली. दक्षिण अमेरिकेतल्या त्या देशात मेरिदा या शहरी एर्मानो पिएत्रोसेमोली नावाचे प्राध्यापक होते. घरात आपण वायफायची जी डबी लावतो, तसल्याच साध्या यंत्रांनी किती दूर जाता येईल, हा त्यांचा ध्यास. अँडीज पर्वतातले पिको देल आगिला हे चार हजार मीटरांहून उंच ठिकाण त्यांनी धरले, कारण तेथपर्यंत गाडीरस्ता आहे. मग संगणकावर छेद काढीत, त्या उंचीवरून मोकळी वाट कोठवर जाते हे ते शोधीत बसले. खाली सपाट मैदानात एल बाउल नावाची एकटी टेकडी सापडली. अंतर २७९ किलोमीटर. एवढ्या अंतरात पृथ्वीचा फुगवटा मधोमध सुमारे दीड हजार मीटर होतो; आपले कळसूबाई शिखर १६४६ मीटरांचे, म्हणजे जवळजवळ कळसूबाईच वाटेत आडवी आली म्हणा. पण एक टोक एवढे उंच की रेषा तिच्याही वरून गेली. एप्रिल २००६ मध्ये दोन्ही टोकांना तबकड्या लावल्या आणि संदेश पोचला. पुढच्या वर्षी त्यांनीच ३८२ किलोमीटरांचा टप्पा गाठला.

त्यांची खरी अडचण फार गमतीची होती. वायफायचे यंत्र एक पुडके पाठवते आणि ‘पोचले’ अशा उलट निरोपाची वाट पाहते. ही वाट ते सेकंदाच्या काही लक्षांश भागापुरतीच पाहते. कारण घरात दुसरे यंत्र शेजारच्या खोलीत असते. येथे लहरीला जाऊन परत यायला जवळजवळ दोन हजारांश सेकंद लागत. तेवढ्यात पहिले यंत्र समजे की पुडके हरवले, आणि तेच पुन्हा पाठवी. म्हणून त्यांना यंत्राला थांबायला शिकवावे लागले. कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठातल्या एरिक ब्रूअर यांच्या मंडळींनी या थांबण्याच्या रीतीवर बरेच काम केले. आणि त्यांच्याच मदतीने तामिळनाडूत थेनी येथे अरविंद नेत्र रुग्णालयातले डॉक्टर खेड्यांतल्या केंद्रांवरचे रोगी दुरून पाहू लागले. म्हणजे आमच्या वाडीला जे हवे होते, ते या देशात झालेले होते.

“मग त्यांना २७९ जमले आणि आपल्याला ३२ का जमू नये?” मी विचारले.

“सर, त्यांनी आधी शक्य असलेली वाट शोधली आणि मग ते डोंगर चढले. आपण आधी वाडी ठरवली आहे. वाडी हलवता येत नाही.”

यावर मला बोलता आले नाही.

तरी मार्चच्या आरंभी प्रत्यक्ष चाचणी केली. तो वाडीत, मी गच्चीवर. आधी त्याने देवळापाशी आरशाने ऊन चमकवले. ती तिरीप मला दुर्बिणीतून लख्ख दिसली. इंग्रजांच्या काळी मोठी त्रिकोणमिती मोजणी झाली तेव्हा हेच तंत्र होते, फक्त आरसा चांगला होता. आमचा वाडीतल्या न्हाव्याचा होता. मग तबकड्या लावल्या, बोटभर इकडे, बोटभर तिकडे असे करीत तासभर नेम धरला, आणि यंत्रावर आकडा उमटला: उणे ८०. पाठोपाठ त्याचा चेहराही पडद्यावर दिसला. तो हलत होता, बोलत होता. मी गच्चीवर एकट्यानेच टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी तो परत आला तेव्हा चेहरा उतरलेला. “सर, हे होणार नाही.”

“अरे, मी तुला पाहिलं ना!”

“आज पाहिलंत. ७२ यायला हवे होते, ८० आले. ६ कड्याने खाल्ले, २ त्या झाडांनी. आणि आज पानगळ आहे. राहिले ८. आषाढात त्या झाडांना पालवी असेल, पानं ओली असतील. तेव्हा हे ८ राहणार नाहीत. साप काही फेब्रुवारीत चावत नाही, सर.”

वाचकहो, आजवर मी मुलांना नापास केले आहे. पण मला कोणी इतक्या थोड्या शब्दांत नापास केले नव्हते. जी लहर उन्हाळ्यात चालेल आणि गरज पडेल त्या रात्री बंद पडेल, ती नसलेली बरी. नसली तर माणूस वेळेवर कंदील घेऊन तरी निघतो. असली, की तिच्या भरवशावर यंत्राशी झटत बसतो आणि रात्र निघून जाते. मनोरा उंच करावा म्हटले, तर झाडांच्या वरून काकडी मोकळी सुटायला वाडीत पंचवीस मीटरांचा, आठ मजली घराएवढा मनोरा लागत होता. झाडे तोडावी म्हटले, तर ती जंगल खात्याची. आणि कोणाची असोत, तोडावी असे आम्हा दोघांनाही वाटले नाही.

पुढच्या रविवारी पुन्हा देवळात सभा. विद्यार्थी म्हणाला, “मी सांगतो, सर.” मी म्हणालो, “नको. शब्द मी दिला होता.” उभा राहिलो आणि सांगितले की, मी चुकलो, शिखर दिसते, पण संदेश पावसाळ्यात पोचणार नाही, वर्गणी ज्याची त्याला परत घ्यावी. कोणी बोलेना. नर्सबाई खाली मान घालून बसल्या होत्या. ती पन्नासच्या नोटेची म्हातारी माझ्याकडे पाहत होती, आणि मी तिच्याकडे पाहण्याचे टाळत होतो.

शेवटी आबा म्हणाले, “मास्तर, नाही म्हनून सांगायला परत आलात, हे बरं केलंत. हो म्हनून गेलेले लई बघितले, परत कुनी आला न्हाई.” आणि थोडे थांबून, “आता हितनं न्हाई, तर कुठनं जमंल ते बघा की. डोंगर काय एकच हाय व्हय?”

आमच्या तीन आठवड्यांच्या आकडेमोडीत जो प्रश्न मला एकदाही सुचला नाही, तो आबांनी विडी पेटवता पेटवता विचारला. विद्यार्थ्याच्या डोक्यात तो आधीपासून असावा, कारण त्याने लगेच पिशवीतून दुसरा छेद काढला. सोंडेच्या बाजूला एक उघडा खडकाळ खांदा आहे. तेथून कॉलेज २३ किलोमीटर आणि वाडी १२. दोन्ही बाजूंना काकडी पूर्ण मोकळी. वाट लांबते, पण मधे लहरीला विसावा मिळतो. मात्र तेथे वीज नाही. सूर्याच्या उन्हावर चालणारे पत्रे आणि बॅटऱ्या वर चढवाव्या लागणार होत्या. वर्गणी कोणी परत घेतली नाही. परवानगीचे कागद झाले, आणि मे महिन्यात पोरांनी ते सामान डोक्यावरून वर नेले. मीही गेलो होतो. माझ्या वाट्याला पाण्याचा कॅन आला होता.

आषाढ आला. विद्यार्थ्याने नर्सबाईंना रोज सकाळी यंत्रावरचा आकडा वहीत टिपायला सांगितले होते. भर पावसातही आकडा तीनाहून अधिक खाली गेला नाही. माझ्या हट्टाखातर एके दिवशी वाडीतली तबकडी तासभर सरळ कॉलेजकडे वळवून पाहिली. मार्चमध्ये जेथे मी टाळ्या वाजवल्या होत्या, तेथे यंत्रावर एक आकडासुद्धा उमटला नाही. मी मुकाट्याने खाली उतरलो.

यंत्रणा काही अवतारी नाही. सलग ढग राहिले की बॅटरी मान टाकते. एकदा वानरांनी तार ओढली आणि दोन दिवस सगळे बंद होते. म्हणून कंदील अजून खुंटीला आहे, आणि तो तेथेच राहू द्या, असे विद्यार्थ्याने बजावून सांगितले आहे. पण श्रावणात एका रात्री एका बाईला अवेळी कळा सुरू झाल्या, तेव्हा नर्सबाईंनी डॉक्टरांना पडद्यावर बोलावले आणि काय करायचे ते विचारून घेतले. बाई आणि मुलगी सुखरूप आहेत. ही बातमी मला सकाळी मिळाली. वर्गात गेलो तो नेमका ‘मेघदूता’च्या मराठी अनुवादांचा तास.

इतकी वर्षे ते काव्य शिकवतो आहे. रामगिरीवरचा यक्ष आषाढातल्या मेघाला अलकेचा मार्ग सांगत बसतो. आणि बायकोला द्यायचा निरोप एवढा तातडीचा, तर हा भूगोल कशाला, असे दर वर्षी एखादा मुलगा विचारतो. मी आजवर निसर्गवर्णनाचे सौंदर्य वगैरे सांगून वेळ मारून नेत असे. पण यक्ष स्पष्टच म्हणतो की, आधी वाट ऐक, निरोप मागून. कोणत्या डोंगरावर थकवा घालवायचा, कोठे वळसा घ्यायचा, सगळे आधी. आम्रकूट पर्वत तुला डोक्यावर घेईल, असेही तो सांगतो. आमचा खडकाळ खांदा म्हणजे दुसरे काय? ज्याला निरोप पोचावा अशी खरी तळमळ असते, तो वाट आधी तपासतो. ज्याला नुसत्या टाळ्या हव्या असतात, तो माझ्यासारखा शिखर दिसताच सभेत उभा राहतो.

यंदा वाडीहून दिवाळीचे निमंत्रण आले आहे. आमच्या सौभाग्यवतीही येणार आहेत. विज्ञानाबद्दलचे त्यांचे मत बदललेले नाही. पण माझ्याबद्दलचे थोडे बदलले असावे, कारण गेल्या आठवड्यात फ्यूज उडाला तेव्हा त्यांनी मला टॉर्च धरायला बोलावले. वाचकांनाही ही दिवाळी सुखाची जावो!